रेघेच्या वरची भिंत

शनिवारी दुपारी सव्वाचारला फोन आला. पलीकडचा पोलीस अरबीत बोलत होता आणि मला समजावं म्हणून अधूनमधून हिंदी शब्द घालत होता. वादी डोंगरातून बाहेर पडून जिथे बाभळींच्या रानात पसरते तिथे एक माणूस मिळाला आहे, वय साठच्या आसपास, निळा शर्ट, डाव्या मनगटावर घड्याळ. घड्याळ चालू आहे का, असं मी विचारलं. का विचारलं ते मला अजून सांगता येत नाही. तो थोडा थांबला, बहुतेक त्याने वाकून पाहिलं असावं, आणि म्हणाला, चालू आहे. मस्कतमधल्या अल् खुवैरहून मी शेजाऱ्याची गाडी काढली. इनासभाऊंना पाण्याने जिथून ओढून नेलं तिथपासून ते जिथे सापडले तिथपर्यंतचं अंतर गाडीच्या मीटरवर सव्वासहा किलोमीटर भरलं. मुद्दाम मोजलं नव्हतं. सवयीने आकड्यावर नजर गेली.

ओमानमध्ये कोरड्या नदीला वादी म्हणतात. बहुतेक दिवस तिच्यात गोटे आणि शेळ्या एवढंच असतं. डोंगरात पाऊस झाला की तासाभरात ती भरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोटे. इनास तुस्कानो हे या वादीत, माझ्या डोळ्यांसमोर, एका शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास गेले. त्याला आता नऊ आठवडे झाले. त्यांची मुलगी रीना हिने मला एक काम सांगितलं होतं. भिंतीवर एक रेघ काढायची. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते मी सात आठवडे पुढे ढकललं. का ढकललं, हे सांगायचं तर इनासभाऊ कोण होते ते आधी सांगायला हवं, आणि इथून पाच हजार किलोमीटरवरच्या एका लहानशा जर्मन गावाबद्दलही सांगायला हवं.

इनासभाऊ वसईचे, तिथल्या ख्रिस्ती बागायतदार घरातले. मस्कतमध्ये एकतीस वर्षं. पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मी बांधकामांची मोजमापं घेणारा माणूस. आमची ओळख झाली बावीस वर्षांपूर्वी, गणपतीत. एका हॉलच्या मागे विसर्जनासाठी प्लास्टिकची मोठी टाकी ठेवली होती आणि मूर्ती बुडाल्यावर पाणी बाहेर सांडून शेजारच्या दुकानात जाईल का, यावर मंडळींची चर्चा चालली होती. मी मूर्तीच्या घनफळाचा अंदाज काढून टाकीवर पेनने खूण केली. एक सावळे, बुटके गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी माझ्या खुणेच्या खाली, साधारण एका सेंटिमीटरवर, दुसरी खूण केली. मूर्ती आत गेली आणि पाणी त्यांच्या खुणेला टेकलं. ते मला म्हणाले, “शाडू पाणी पितो. ते तू धरलं नाहीस.” तेव्हापासून ते मला देसाई म्हणायचे, अरे-तुरे करायचे. मी त्यांना इनासभाऊ म्हणायचो. नऊ वर्षांचं अंतर होतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं होतं. अकरा आठवडे, ऐन थंडीत. गावाचं नाव वेर्टहाइम. माइन नावाची मोठी नदी आणि टाउबर नावाची लहान नदी जिथे एकमेकींना मिळतात त्या कोपऱ्यात हे गाव बसलं आहे. इनासभाऊंनी आयुष्यात पाहिलेलं परदेशी गाव हे एवढंच, ओमान सोडून. आणि ते त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवलं. नाताळात अझैब्यातल्या त्यांच्या घरी जेवणं झाली की ते आलेखाच्या कागदावर स्वतः काढलेला गावाचा नकाशा टेबलावर पसरायचे. मोजपट्टी पावलांची. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं, ‘एक चौकोन म्हणजे इनासची दहा पावलं’. किल्ल्याच्या जागी मिठाची बाटली यायची, दोन नद्यांच्या जागी दोन चमचे, मोठा आणि लहान. मग सगळ्यांनी स्टेशनावर उतरायचं, टाउबरचा पूल ओलांडायचा आणि त्यांच्या मागोमाग चालायचं.

त्यांच्यामुळे मला ते गाव माझ्या गिरगावातल्या गल्लीइतकं पाठ आहे. पुलाजवळ नदीच्या कोपऱ्यावर एक जुना गोल बुरूज, एका बाजूला कललेला. पूर्वी त्यात दारुडे आणि भांडखोर बायका कोंडायचे, असं इनासभाऊ सांगायचे आणि दर वर्षी या ठिकाणी त्यांच्या पत्नी कार्मेलिनवहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “म्हणजे आपल्याला एकच खोली मिळाली असती.” बुरुजावरून आत गेलं की लाकडी चौकटींची अरुंद घरं, एवढी जवळजवळ की समोरच्या खिडकीतून मीठ मागता यावं. चौकात लाल दगडाची विहीर, तिच्यावर दोन लहान देवदूत. पुढे चर्च. चर्चमध्ये तिथल्या सरदारांच्या समाध्या, एक तर चार खांबांच्या पलंगासारखी. चर्चच्या मनोऱ्यावर गावाच्या बाजूला दोन काट्यांचं घड्याळ आणि किल्ल्याच्या बाजूला एकाच काट्याचं, कारण किल्ल्यावरच्या लोकांना मिनिटांचं काही पडलेलं नव्हतं. आणि डोंगरावर तो किल्ला, लाल दगडाचाच, तीस वर्षं चाललेल्या जुन्या युद्धात तोफांनी फोडलेला आणि पुन्हा कधी न बांधलेला. माइनच्या पलीकडचा काठ म्हणजे दुसरं राज्य. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून निर्वासित काच-कारागीर इथे आले आणि प्रयोगशाळेतल्या नळ्या, तापमापकं करू लागले, म्हणून तिथे काचेचं संग्रहालय आहे. एकदा मी उपग्रहाच्या नकाशावर त्यांचा नकाशा ताडून पाहिला. पुलाच्या लांबीत सात पावलांची चूक होती, बाकी सगळं जागच्या जागी. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले की पुलावर बर्फ होता, पाऊल लहान पडत होतं.

पण हे सगळं झाल्यावर ते ज्या ठिकाणी थांबायचे ते ठिकाण म्हणजे एका घराची भिंत. टाउबरच्या काठावर एका म्हाताऱ्याकडे ते भाड्याने राहत होते. म्हातारा पूर्वी मालवाहू बोटीवर होता. त्याच्या दाराशेजारच्या भिंतीवर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या, प्रत्येकीपुढे एक साल. कुठली गुडघ्याएवढी, कुठली छातीएवढी, काही इनासभाऊंच्या डोक्याच्याही वर. काही दोनशे वर्षांपेक्षा जुन्या. त्या गावाला पूर नवा नव्हता. ज्या वर्षी पूर येई त्या वर्षी घराघराच्या भिंतीवर पाणी किती चढलं त्याची रेघ मारायची, हा तिथला रिवाज. इनासभाऊंच्या नवव्या आठवड्यात डोंगरातलं बर्फ वितळलं आणि नदी वर आली. कुणी धावपळ केली नाही. म्हाताऱ्याने दारं बिजागरीतून काढली, टेबल वरच्या मजल्यावर नेलं, बटाट्यांची पोती नेली, इनासभाऊंच्या हातात लोणच्याच्या बरण्या दिल्या. गल्लीत लाकडी घोड्यांवर फळ्या टाकून लोक ये-जा करत होते. तीन दिवसांनी पाणी उतरलं. चिखल काढून झाल्यावर म्हाताऱ्याने छिन्नी घेतली आणि मांडीच्या उंचीवर एक नवी रेघ कोरली. इनासभाऊंनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळ्यांत वरच्या रेघेकडे बोट दाखवून विचारलं, पाणी जास्तीत जास्त इथपर्यंत येतं का? म्हातारा म्हणाला, “बिस येट्स्ट.” म्हणजे आतापर्यंत. आणि त्याने त्यांना दाखवलं की सगळ्यांत वरच्या रेघेच्या वरची भिंत त्याने मोकळी ठेवली आहे. तिथे ना कुंडी, ना दिवा, ना खिळा.

हे इनासभाऊ दर वर्षी सांगायचे. शेवटी मिठाची बाटली उचलून जागेवर ठेवायचे आणि म्हणायचे, “देसाई, आकडा नाही, शब्द महत्त्वाचा.” मी दर वर्षी वाद घालायचो. माझं म्हणणं, शब्दाने कुणी इमारत बांधत नाही.

गोनू वादळ आलं तेव्हा मस्कतमधलं कुरुम, गुब्रा सगळं पाण्याखाली गेलं. माझं घर तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी इनासभाऊ चिखल तुडवत आले, हातात पेन्सिल आणि लेव्हलची नळी. स्मिता, माझी बायको, खराटा घेऊन उभी होती. तिला ते म्हणाले, वहिनी, कॅलेंडर जरा बाजूला घ्या. सोफ्यामागे जमिनीपासून एक्केचाळीस सेंटिमीटरवर त्यांनी रेघ मारली आणि खाली तारीख लिहिली. मग ते ओळखीच्या सगळ्यांच्या घरी गेले. काहींच्या घरमालकांनी रंग लावून रेघ पुसली, इनासभाऊंनी परत मारली. आमची अजून आहे. त्या रेघेखाली त्यांनी बारीक अक्षरात ‘आतापर्यंत’ लिहिलं आहे. मी तेव्हाही हसलो होतो.

नंतर शाहीन वादळ आलं. इनासभाऊंच्या अर्बाबची, म्हणजे कंपनीच्या मालकाची, रुस्ताकच्या बाजूला वादीकाठी खजुराची बाग आहे. वर्षातून दोन-तीन शुक्रवार आम्ही चौघं तिथे जायचो. बागेत खालच्या अंगाला अवजारांची दगडी खोली आहे आणि वरच्या अंगाला खजूर वाळवायचा सिमेंटचा मोठा ओटा. शाहीनचं पाणी त्या खोलीत शिरलं होतं आणि बाहेरच्या भिंतीवर गाळाची स्पष्ट रेघ सोडून गेलं होतं. अर्बाबने विचारलं की हिची नीट खूण करून देता का, म्हणजे पुढे काही बांधायचं झालं तर कळेल. इनासभाऊ इतके खूश झाले होते की आदल्या आठवड्यातच त्यांनी रंगाचा डबा आणला. मी साइटवरून लेव्हलचं यंत्र आणि मोजपट्टी घेतली. खोलीच्या उंबऱ्यापासून रेघ एक मीटर शहाऐंशी सेंटिमीटर. ओटा त्या रेघेपेक्षा चौसष्ट सेंटिमीटर उंच. मी दोनदा तपासलं.

इनासभाऊंनी निळ्या रंगाने रेघ मारली, साल लिहिलं, माझा आकडा लिहिला. मग ते ‘आतापर्यंत’ लिहायला लागले. मराठीत आणि शेजारी अरबीत, ‘हत्तल आन’, ते त्यांनी अर्बाबकडून हातावर लिहून घेतलं होतं. ‘आ’ काढून झाला होता. मी शिडी धरून खाली उभा होतो. मी म्हणालो, “इनासभाऊ, आकडा आहे ना, मग शब्द कशाला? उगाच गिचमिड होते. लोक हसतील.” त्यांनी ब्रशाकडे बघितलं आणि हसून म्हणाले, बरं बाबा, सर्व्हेअरसाहेब. त्यांनी फडक्याने ‘आ’ पुसला. निळा डाग थोडा राहिला. भिंत स्वच्छ दिसत होती. एक रेघ, एक साल, एक आकडा. मला समाधान वाटलं होतं, हे मी लिहून ठेवतो.

त्यानंतर त्या रेघेचं काय झालं ते हळूहळू झालं. सुरुवातीला ती पाणी कुठवर आलं होतं ते सांगत होती. पुढे बागेत गेलं की आम्ही बोलताना तिचा उपयोग वेगळा व्हायला लागला. चटया कुठे पसरायच्या? ओट्यावर, तो रेघेच्या वर आहे. गाडी कुठे लावायची? ओट्याच्या मागे, तिथे पाणी येत नाही. पाणी येत नाही, असं आम्ही म्हणायला लागलो. इनासभाऊही म्हणायला लागले. शब्द भिंतीवर असता तर त्यांच्या तोंडून हे वाक्य आलं असतं का? मला माहीत नाही. ज्या गोष्टीचं माप घेता येत नाही तिच्याबद्दल मी एरवी बोलत नाही. पण गेले नऊ आठवडे मी याचाच विचार करतो आहे.

इनासभाऊ जूनमध्ये कायमचे परत जाणार होते. व्हिसाचं वय संपलं होतं. जाताना कार्मेलिनवहिनींना एक आठवडा वेर्टहाइम दाखवायचं ठरलं होतं. त्यांनी ते गाव जवळपास तीस नाताळ टेबलावर पाहिलं होतं, आता खरं बघायचं होतं. विमानाची तिकिटं झाली होती. म्हाताऱ्याचं घर अजून आहे का, हे इनासभाऊंना पाहायचं होतं, आणि त्यांनी पाहिलेल्या रेघेनंतर किती नव्या रेघा चढल्या आहेत तेही. तो शुक्रवार म्हणून आमचा बागेतला शेवटचा होता. डोंगरात दुपारनंतर पावसाची शक्यता असल्याचा इशारा आदल्या दिवशी आला होता. मी हिशेब केला. नऊला पोचू, एकला निघू. दुपारनंतर म्हणजे दुपारनंतर, असं मी धरलं.

पाणी अकरा वाजून वीस मिनिटांनी आलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. आधी आवाज आला, ट्रकमधून खडी ओतावी तसा, मग वळणावर तपकिरी पाणी दिसलं आणि दहा मिनिटांत वादी काठोकाठ भरली. आम्ही ओट्यावर होतो. ओट्याच्या मागून डोंगरावर जायला पायवाट होती, आरामात चाललं तरी दहा मिनिटांची. स्मिता म्हणाली, वर जाऊ या. तिने सामान गोळा करायलाही सुरुवात केली. इनासभाऊ पाण्याकडे बघत होते, आणि खोटं कशाला बोला, त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं. आयुष्यभर पाणी मोजलेला माणूस. ते म्हणाले, “बसा हो वहिनी. रेघेच्या दोन फूट वर आहोत आपण. देसाईने मोजलंय.” स्मिताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चौसष्ट सेंटिमीटर. ती बसली.

वीस मिनिटं आम्ही तिथे बसून राहिलो. मी घड्याळ पाहत होतो. ओट्यावरून खालच्या खोलीची भिंत समोर दिसत होती. पाणी रेघेकडे चढत होतं आणि इनासभाऊ हळू आवाजात सांगत होते, एक वीत राहिली, चार बोटं राहिली, आता थांबेल. ते रेघेला टेकलं. थोडा वेळ थांबल्यासारखंही वाटलं… मग इनासभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, “देसाई, रेघ गेली.”

पाणी का चढलं ते मला नंतर कळलं, आणि ते मला आधी कळायला हवं होतं. बागेच्या खाली दीड किलोमीटरवर वादी ओलांडणारा नवा रस्ता झाला होता. शाहीनच्या वेळी तो नव्हता. त्याच्या पाइपांमध्ये खजुराचे बुंधे अडकले आणि पाणी मागे तुंबलं. त्या रस्त्यावरून आम्ही सकाळीच आलो होतो. वादीचं पात्र बदललं की जुना आकडा निकामी, हा माझ्या धंद्यातला पहिला पाठ आहे. मी त्या पाइपांवरून गाडी नेली आणि माझ्या डोक्यात एक मीटर शहाऐंशी तसाच राहिला.

आम्ही उठलो तेव्हा पायवाटेचा सुरुवातीचा सखल भाग पाण्याखाली गेला होता. उरला होता तो फलज, म्हणजे डोंगरातून बागेला पाणी आणणारा पाट, दगडी भिंतीवरून जाणारा. भिंतीची रुंदी जेमतेम हातभर, लांबी ओट्यापासून डोंगरापर्यंत चौतीस पावलं. निघेपर्यंत ओट्यावरही पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. स्मिता पुढे, तिच्या मागे मी, माझ्या मागे कार्मेलिनवहिनी आणि सगळ्यांत शेवटी इनासभाऊ. मध्यावर कार्मेलिनवहिनी थांबल्या. पाय उचलेना. इनासभाऊ त्यांच्या पाठीवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, “खाली बघू नको. देसाईच्या पाठीकडे बघ.” त्या चालायला लागल्या. मी त्यांचा हात धरायला मान मागे वळवली म्हणून मला दिसलं. एक बुंधा आडवा होऊन भिंतीवर आदळला आणि वहिनींच्या मागची भिंत गेली. इनासभाऊ ओरडले नाहीत. पाण्यात त्यांचा हात एकदा बुंध्यावर दिसला. मग बुंधा दिसला, हात नाही. कार्मेलिनवहिनींना ते कळलंच नव्हतं. त्या माझ्या पाठीकडे बघत होत्या. डोंगरावर पाय टेकल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, हे कुठे राहिले?

पुढचं सगळं कागदांचं. पोलीस, इस्पितळ, वकिलात, विमान कंपनी. सात जागी माझ्या सह्या झाल्या. मृत्यूचं कारण या रकान्यात ‘बुडून’ असा एक शब्द होता. नवव्या दिवशी इनासभाऊ वसईला पोचले आणि त्यांच्या गावच्या चर्चमागे त्यांना माती दिली. रीना बेंगळुरूला नोकरी करते. ती आली, सगळं निभावलं, आणि आईला घेऊन घर आवरायला परत मस्कतला आली. ती इथेच वाढली, इथल्या शाळेत शिकली. मराठी तिला समजतं, बोलताना अडखळते. त्या वेळी तिने मला सांगितलं, “अंकल, पप्पांची ती लाइन आहे ना… त्याच्यावर नवीन लाइन तुम्ही काढाल? पप्पा असते तर त्यांनी काढली असती.” मी हो म्हणालो. मग तिने विचारलं, “आणि पप्पांनी तिथे तो वर्ड का नाही लिहिला? ते तर सगळीकडे लिहायचे.”

 बघतो, असं काहीतरी म्हणून उठलो. नवं पाणी कुठवर चढलं होतं ते मी तिसऱ्या आठवड्यात जाऊन मोजून आलो होतो. दोन मीटर अठ्ठ्याऐंशी. तीन वेळा पट्टी लावली. आकडा तयार होता, रंग तयार होता, शिडी अर्बाबकडे होती. दर शुक्रवारी मी काहीतरी कारण काढत होतो. जुन्या रेघेजवळचा तो अर्धवट पुसलेला ‘आ’चा डाग रीनाला दिसणार आणि तिला सांगावं लागणार, एवढंच कारण होतं.

शेवटी आधी कार्मेलिनवहिनींना सांगितलं. अझैब्याच्या घरात खोकी भरणं चालू होतं. त्या टेप लावत होत्या, मी खोकी दाबून धरत होतो. मी सांगितलं की तो शब्द लिहू नका असं मी म्हणालो होतो. त्यांचा हात थांबला नाही. त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, देसाईने शब्द काढायला लावला, पण आकडा बघ काय नेमका बसवलाय.” टेप दाताने तोडून त्या पुढे म्हणाल्या, “खूश होते.” मला वाटलं होतं त्या रडतील, रागावतील, किंवा जाऊ दे भाऊ म्हणतील. यातलं काहीच झालं नाही. त्यांनी मला पुढचं खोकं दिलं. त्यात सगळ्यांत वर आलेखाच्या कागदावरचा नकाशा होता, चार घड्या घातलेला, मोठ्या चमच्याच्या जागी तेलाचा डाग. वेर्टहाइमची तिकिटं त्यांनी रद्द केली आहेत. नकाशा वसईला जाईल.

गेल्या शुक्रवारी रीनाला घेऊन बागेत गेलो. नव्या रस्त्यावर आलो तेव्हा गाडी थांबवून पाइप मोजले, एकूण सहा, त्यातले चार अजून बुजलेले. वादी कोरडी होती. पाटाची भिंत तुटलेली तशीच आहे. खोलीपाशी गेल्यावर मी रीनाला जुनी रेघ दाखवली, तिच्या टोकाशी असलेला निळा डाग दाखवला आणि तो कसा पडला ते सांगितलं. तिने डागावरून बोट फिरवलं. तिने इंग्रजीत काहीतरी म्हटलं, मला नाही, स्वतःशीच. मग म्हणाली, “शिडी मी धरते.”

मी वर चढलो. दोन मीटर अठ्ठ्याऐंशीवर रेघ मारली. खोलीची भिंत तीन मीटर दहा. म्हणजे रेघेच्या वर बावीस सेंटिमीटर उरले. त्यात साल, आकडा आणि शब्द, मराठीत आणि अरबीत, बसवायचे होते. साइटवरून मी आकड्यांचे पत्र्याचे साचे नेले होते, दहा सेंटिमीटर उंचीचे, लांबून वाचता यावेत असे. ते लावून पाहिले. आकडा बसत होता, पण मग शब्दाला जागा राहत नव्हती. मी साचे खाली रीनाच्या हातात दिले. शब्द आधी लिहिला, मोठा, इनासभाऊ काढायचे तसा ‘आ’ रुंद. शेजारी अरबी, कागदावरून बघून. मग उरलेल्या जागेत, कोपऱ्यात, बोटाएवढ्या अक्षरात हाताने आकडा लिहिला. खालून तो वाचता येत नाही. रीनाने खालून शब्द वाचला, एकेक अक्षर जोडत, दोनदा.

रंग वाळल्यावर मी पट्टी लावली. अक्षरांच्या वर नऊ सेंटिमीटर भिंत राहिली आहे. तिथे काही लावू नका, असं अर्बाबला सांगून आलो.